स्टॅम्प पेपरवर सही झाली, म्हणजे देणं फिटलं का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देते.

ताईंचे पती आणि दीर मिळून पत्र्याच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करतात, जोडीला शेड उभारणीची कामंही घेतात. सात माणसं कामाला आहेत, हिशोब ताई पाहतात. चार महिन्यांपूर्वी पंचवीस वर्षांच्या एका हेल्परची डाव्या हाताची दोन बोटं पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये गेली. त्याला महिन्याला साधारण १४,००० रुपये पडत होते. दवाखान्याचा ६२,००० रुपये खर्च मालकांनी केला. वर ४०,००० रोख दिले आणि शंभरच्या स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ अशी सही घेतली. दोन महिन्यांनी तो परत आला. आता झाडलोट आणि माल मोजायचं काम करतो, पगारही कमी झाला आहे. मागच्या आठवड्यात वही तपासताना ताईंना दिसलं की ते ४०,००० दिरांनी त्याच्या नावावर ‘उचल’ म्हणून लिहिले आहेत आणि दर शनिवारी ५०० रुपये कापले जात आहेत. विचारल्यावर दीर म्हणाले, ‘दहापेक्षा कमी माणसं असली की कायदा लागत नाही. गार्ड (यंत्रात हात जाऊ नये म्हणून बसवलेलं आवरण) त्यानंच काढला होता. आपण केलं तेच खूप केलं.’ पती म्हणतात, ‘पोरं घरचीच आहेत, कोण कोर्टात जातंय?’ एजंट सगळ्यांचा स्वस्तातला अपघात विमा काढून देतो म्हणतो. ज्या कंपनीत शेडचं काम मिळणार आहे, ती मात्र गेटपाससाठी ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ मागते आहे. ताईंचे प्रश्न असे: ही पॉलिसी नेमकी काय असते? एजंट म्हणतो तो विमा पुरेल का? आणि मिटलेला विषय उकरून काढावा का?

ताई,

तुमचे तीन प्रश्न आहेत, पण पत्राचं कारण ती उचलीची ओळ आहे असं मला वाटतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

उचल म्हणजे कामगाराने मालकाकडून घेतलेले आणि फेडायचे पैसे. लग्नाला, आजारपणाला, घराच्या पत्र्याला उचल घेतात. बोटं गेल्यावर हातात ठेवलेले पैसे उचल कसे होतील? आज तुमच्या वहीप्रमाणे तो मुलगा स्वतःच्या बोटांचे पैसे आठवड्याला पाचशेने तुम्हाला परत करतो आहे. दिरांनी हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. लहान कारखान्यात रोख बाहेर गेली की लिहायला उचलीचाच रकाना असतो, आणि एकदा रकान्यात गेली की कपात आपोआप सुरू होते. पण ही कपात या शनिवारपासून थांबवा आणि कापलेले पैसे त्याला परत द्या. पुढचं काहीही ठरो, एवढं करायला कुणाचाही सल्ला लागत नाही.

आता घरात ज्या चार गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्या पाहू.

‘दहापेक्षा कमी माणसं असली की कायदा लागत नाही.’ हे मी इतक्या कारखान्यांतून ऐकलं आहे की त्यामागचा घोटाळा मला कळतो. दहाचा आकडा आहे तो ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा. दहा किंवा जास्त माणसं असली की तो सक्तीचा होतो. पण ज्यांना ईएसआयसी नाही त्यांच्यासाठी दुसरा कायदा आहे आणि तो त्याहून जुना आहे. १९२३ साली झाला, १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाईचं होतं, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा असं झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला. यंत्रावर वस्तू बनवणाऱ्या तुमच्यासारख्या ठिकाणी त्याला माणसांच्या संख्येची अट नाही. एकच हेल्पर असला तरी लागू. मस्टरवर नाव नाही, रोजाने येतो, तरी लागू. उलट सातजणांना ईएसआयसीचं छत्र नाही, म्हणून भरपाईचं सगळं ओझं थेट मालकाच्या अंगावर आहे. लहान असल्यामुळे तुम्ही सुटलेला नाही, जास्त उघडे पडला आहात.

‘गार्ड त्यानंच काढला होता.’ यावर मला जरा थांबायचं आहे, कारण इथे कायद्यात खरंच एक फट आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

या कायद्याचा पायाच असा की अपघात कुणाच्या चुकीने झाला हे विचारायचं नाही. काम करताना, कामामुळे दुखापत झाली की मालक भरपाई देणं लागतो. अपवाद मोजके आहेत. तीन दिवसांत बरी होणारी दुखापत, दारूच्या अमलाखाली झालेला अपघात, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम किंवा नियम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेसाठी आहे हे माहीत असताना जाणूनबुजून गार्ड काढून टाकणं. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर यातला पहिला सोडून बाकीचे अपवादही चालत नाहीत. तुमच्याकडच्या या मुलाचं अपंगत्व अंशतः आहे, म्हणून दीर या मुद्द्यावर बोट ठेवू शकतात.

पण तुमच्याच पत्रात पुढे एक वाक्य आहे, जे मी सारांशात घेतलं नाही. ‘दिवाळीपासून प्रेसवर गार्ड नव्हताच, कारण गार्ड लावला की तासाला नग कमी निघतात.’ ताई, मग त्याने काढला काय आणि फिटरने काढला काय? मालकाच्या डोळ्यांदेखत महिनोन् महिने गार्ड कोपऱ्यात पडून असेल, तर कामगाराने तो मनमानीने काढला असं म्हणता येत नाही. ते सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि बाकीच्या सहाजणांना शपथेवर विचारलं तर ते काय सांगतील हे तुम्हाला माहीत आहे.

‘स्टॅम्प पेपर झालाय.’ भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार या कायद्यात रद्दबातल धरला जातो. मग तो शंभरच्या कागदावर असो की पाचशेच्या, नोटरीचा शिक्का असो वा नसो. भरपाई ठरवणाऱ्या समझोत्याला कायदा मानतो, पण तो भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. नव्या संहितेत त्यांनाच सक्षम प्राधिकारी म्हटलं आहे. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाने सही घेतली आहे असं दिसलं, तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत तर आणखी कडक आहे. भरपाई त्यांच्याकडेच जमा करायची असते. विधवेच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम देता येते. विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मी बरीच वर्षं काढली. चांगल्या मनाने लाखभर रुपये घरी नेऊन दिलेला मालक पुढे पूर्ण रक्कम पुन्हा भरताना मी पाहिला आहे. त्याचा राग कुणावर होता हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

चौथी गोष्ट, ‘आपण केलं तेच खूप केलं.’ इथे आकडेच बोलू देत. हे गणित तुमच्यासारख्या इतर वाचकांनीही वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहावं.

अपघाताच्या वेळचं वय घ्यायचं. प्रत्येक वयाला कायद्याच्या तक्त्यात एक गुणक आहे. पंचविशीला २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४. माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले गुणक. हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० मध्ये आली, त्याआधी ती ८,००० होती. अंशतः अपंगत्व असेल तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेचा ठरावीक टक्का, आणि तोही दुखापतींच्या यादीत छापलेला आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. नुसता अंगठा गेला तर ३०. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. प्रेसवाल्यांनी आणि ग्राइंडरवाल्यांनी ही यादी एकदा तरी वाचावी.

तुमच्याकडच्या मुलाचं गणित असं: १४,००० चे ६० टक्के म्हणजे ८,४००. त्याला २१६.९१ ने गुणलं की १८,२२,०४४. त्याचे २० टक्के म्हणजे ३,६४,४०९ रुपये. तुम्ही दिले ४०,०००, तेही उचल म्हणून.

दवाखान्याचे ६२,००० यात धरता येतील का? नाही. उपचारावर केलेला खर्च भरपाईत वळता होत नाही असं कायद्यातच म्हटलं आहे, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं हीसुद्धा २०१० पासून मालकाचीच जबाबदारी आहे. म्हणजे ते ६२,००० तुम्ही देणं लागतच होता. वेळेवर दिलेत, हे मात्र मनापासून चांगलं केलंत. ते सगळेच देत नाहीत.

टक्केवारीबद्दल आणखी एक. यादीतला आकडा म्हणजे कमाल मर्यादा नव्हे. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं. त्याच निकालात हेही स्पष्ट झालं की भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, कुणी आदेश देण्याची वाट पाहायची नसते. महिन्याभरात दिली नाही तर जुन्या कायद्याप्रमाणे १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या रकमेवर १२ टक्के म्हणजे दर महिन्याला ३,६४४ रुपये. तुम्ही त्याच्याकडून महिन्याला दोन हजार कापता आहात, आणि तिकडे त्याचं तुमच्यावरचं देणं साडेतीन हजारांनी वाढतं आहे.

आता पॉलिसीकडे येते. बाजारात तिला सगळे अजून डब्ल्यूसीच म्हणतात (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कायद्याचं जुनं नाव), कागदावर कर्मचारी नुकसानभरपाई विमा असं नाव दिसेल. ती कामगाराचा विमा नाही, तुमच्या जबाबदारीचा विमा आहे. वर मांडलेली रक्कम तुम्ही देणं लागता, ती तुमच्या वतीने विमा कंपनी देते. एजंट जो स्वस्तातला अपघात विमा दाखवतो आहे, तो वेगळा प्रकार आहे. त्यात पॉलिसीत लिहिलेली ठरीव रक्कम मिळते, कायद्याने तुमच्यावर येणारी नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचंच उदाहरण घ्या. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं संरक्षण, प्रत्येकाने घ्यावीच अशी ती योजना आहे. पण अंशतः अपंगत्वात ती एक हात, एक पाय किंवा एका डोळ्यासाठी एक लाख देते. दोन बोटांसाठी तिथे काही नाही. असा विमा कामगाराला मिळाला तर उत्तमच, तुमचं देणं मात्र जागच्या जागी राहतं.

गंमत नव्हे, पण एजंटची ती पॉलिसी तुमच्या घरात दोन माणसांना खरोखर हवी आहे: तुमचे पती आणि दीर. ते स्वतः प्रेसवर बसतात, शेडवर चढतात. ते मालक आहेत, कर्मचारी नाहीत, म्हणून डब्ल्यूसीत ते येत नाहीत. त्यांच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढा.

डब्ल्यूसी घेताना कुठे चुकतं, ते मी फायलींमधून शिकले आहे. सगळ्यात जास्त चुकतं पगार आणि माणसांच्या आकड्यात. ‘चारच दाखवा, आठ-आठ हजार लिहा, हप्ता निम्मा होतो’ असं सांगणारे भेटतील. हप्ता ठरतो तो एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर, त्यामुळे आकडा लहान केला की हप्ता लहान होतो हे खरं. पण अपघात झाला की भरपाई खऱ्या पगारावर निघते, विमा कंपनी पाहते ती तुम्ही लिहून दिलेल्या पगाराकडे, आणि मधला फरक तुमच्या खिशातून जातो. चार दाखवून सात राबत असतील तर पडलेला माणूस त्या चारांतला होता का यावरच भांडण सुरू होतं. सणासुदीला येणारा पेंटर, आठवड्याला बदलणारे हेल्पर, सगळे धरा. ओव्हरटाइम धरा. पगार बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष पगाराचा आकडा कळवून हप्ता कमीजास्त करून घेता येतो, हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

दुसरं, कामाचं स्वरूप आणि जागा. प्रपोजल फॉर्मवर नुसतं ‘फॅब्रिकेशन’ लिहू नका. प्रेसचं काम, वेल्डिंग, उंचीवरची शेड उभारणी, सगळं वेगवेगळं लिहा. जागेच्या रकान्यात फक्त तुमच्या गाळ्याचा पत्ता असेल आणि माणूस गिऱ्हाइकाच्या आवारात तीस फुटांवरून पडला, तर काय होतं? अशी एक फाईल माझ्या टेबलावरून गेली आहे. पॉलिसी चालू होती, हप्ता भरलेला होता, पण त्यात ती साइट नव्हती आणि उंचीचं कामही नव्हतं. क्लेम नामंजूर झाला. ठेकेदार माणूस प्रामाणिक होता. त्याने भावाबरोबर घेतलेला प्लॉट विकून पैसे भरले. तो नकार कळवणारं पत्र मी टाईप करून घेतलं होतं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं, आणि तरी ते मला आजवर विसरता आलेलं नाही. तेव्हा गेटपाससाठी मिळेल ती सगळ्यात स्वस्त पॉलिसी दाखवून मोकळं व्हायचा मोह आवरा. ती कंपनी कागद मागते, कारण ठेकेदाराच्या माणसाला तिच्या आवारात काही झालं तर कायदा तिलाही धरतो. मग ती ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करते.

तिसरं, जोडण्या. मूळ पॉलिसीत दवाखान्याचा खर्च बऱ्याचदा नसतो किंवा लहान मर्यादेपुरताच असतो. त्यासाठी जादा हप्ता भरून जोडणी घ्यावी लागते. ती घ्याच, तुमचे ६२,००० कुठून गेले हे तुम्ही पाहिलं आहे. कामामुळे होणाऱ्या आजारांची आणि तुम्ही पुढे ज्यांना काम देता त्या लेबर ठेकेदारांच्या माणसांची जोडणीही वेगळी असते. व्याजाचं कलम वाचून पाहा. काही पॉलिसी व्याज देत नाहीत, आणि न्यायालयांनी तशी अट मान्य केली आहे. दंड मात्र मालकाच्या उशिराचा असतो, तो तुम्हालाच भरावा लागतो. म्हणून अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवायचं, मेलवर कळवलं तरी चालेल. पहिला केसपेपर, हजेरीचं पान, पगाराची नोंद जपून ठेवायची. दवाखान्यात ‘घरी पडला’ असं कधीही सांगायचं नाही. पोलिसांच्या भानगडीला घाबरून लोक तसं सांगतात, आणि तोच केसपेपर पुढे क्लेमच्या आडवा येतो.

घरून कामावर येताना अपघात झाला तर? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण वसाहतीत रात्रपाळीला दुचाकीवरून येणारे हजारो आहेत म्हणून सांगते. आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, भागातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. खालच्या पातळीवर त्याच्या कुटुंबाला भरपाई मंजूर झाली होती. उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर येण्याजाण्यातला अपघातही कामावरचाच, असं न्यायालय म्हणालं. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. बावीस वर्षं एक कुटुंब यासाठी थांबलं होतं.

ईएसआयसीचा पर्यायही एकदा नीट तोलून पाहा. नव्या संहितेप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने सामील होता येतं. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ती लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. चौदा हजारांवर तुमचे ४५५ आणि त्याचे १०५ रुपये महिना. तो मुलगा ईएसआयसीत असता तर २० टक्के अपंगत्वासाठी त्याला दरमहा साधारण अडीच हजार रुपये आयुष्यभर मिळाले असते, आणि अपघाताच्या भरपाईची तुमची जबाबदारी तिथेच संपली असती. शिवाय घरच्यांचे औषधोपचारही त्यातच होतात. अडचण अशी की दरमहा चलन वेळेवर भरायचं, आणि दवाखाना वसाहतीपासून किती लांब आहे ते पाहायचं. दोन्ही सोयीचं असेल तर हेल्पर आणि वेल्डर ईएसआयसीत, आणि एकवीस हजारांच्या वरचा फिटर डब्ल्यूसीत, अशी विभागणी मला सगळ्यात चांगली वाटते. शेडच्या कामाचा गेटपास मात्र डब्ल्यूसीशिवाय मिळणार नसेल, तर आधी ती घ्या. ईएसआयसीची नोंदणी नंतर करा.

आज काढलेली कुठलीही पॉलिसी चार महिन्यांपूर्वीच्या अपघाताला लागू होणार नाही, हे तुम्हीही ओळखलं असेल. तारीख मागे घेऊन देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

म्हणजे उरतो तुमचा तिसरा प्रश्न: विषय उकरावा का. दोन्ही बाजू मी प्रामाणिकपणे मांडते. गप्प बसलात तर कदाचित काहीच होणार नाही. मुलगा गरीब आहे, त्याला नोकरी हवी आहे, तो अर्ज करणार नाही. जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती आणि कारण सबळ असेल तर आयुक्त उशिराही अर्ज घेऊ शकत होते. तोवर तुमच्या डोक्यावर टांगती तलवार राहील, आणि उद्या त्याने काम सोडलं, त्याला कुणी युनियनवाला किंवा वकील भेटला, तर व्याज आणि दंड धरून रक्कम पाच लाखांच्या पुढे गेलेली असेल. बोललात तर घरात वाद होईल, साडेतीन लाखांची सोय करावी लागेल, आणि लहान कारखान्याला ती रक्कम लहान नाही हे मला ठाऊक आहे. मी तुमच्या जागी असते तर बोलले असते. भीतीमुळे नव्हे. पती म्हणतात ना, पोरं घरचीच आहेत. घरच्या पोराची बोटं गेली असती तर ४०,००० ची उचल लिहिली असती का, हा प्रश्न त्यांना एकट्यात, शांतपणे विचारा. दिरांसमोर नको, तिथे दोघे भाऊ एक होतील आणि तुम्ही एकट्या पडाल. आधी पतींना गणिताचा कागद दाखवा. मग तिघांनी मिळून सीएकडे किंवा कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा, कारण बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकलं की दिरांनाही माघार घेणं सोपं जाईल.

पैशांची वाट अशी सुचवते. बँकेकडून खेळत्या भांडवलाची वाढीव मर्यादा किंवा सोनेतारण, जे स्वस्त पडेल त्यातून रक्कम उभी करा. वकिलाकडून रीतसर समझोता करून तो नोंदवा, किंवा रक्कम थेट आयुक्तांकडे जमा करा. म्हणजे पुन्हा कुणी मागणी करायचा प्रश्न राहत नाही. आधी दिलेले ४०,००० वळते करायचे की नाही ते तिथे ठरेल, पण त्यासाठी ती नोंद भरपाई म्हणून दाखवावी लागेल. उचल म्हणून लिहिलेली रक्कम भरपाई म्हणून मागता येत नाही. दिरांना हा मुद्दा लगेच पटेल.

मुलाशी बोलाल तेव्हा त्याच्या घरचं एक माणूस बरोबर बसू द्या. हिशोब मराठीत एका पानावर लिहून त्याच्या हातात ठेवा: वय, पगार, टक्केवारी, रक्कम. त्याचं आताचं काम आणि पगार यावरही त्याच बैठकीत बोला. उजवा हात शाबूत आहे, वेल्डिंग किंवा मोजमाप शिकवलं तर तो झाडूवरून वर येऊ शकतो. एकरकमी पैसे मिळाल्यावर नातेवाईक गोळा होतात, तेव्हा पोस्टात किंवा बँकेत ठेव करायला त्याला मदत करा. पण निर्णय त्याचाच असू द्या.

आणि तो गार्ड. सारांशातून मी वगळला, पण पत्रात तुम्ही लिहिलं आहे की तो अजून शेडच्या कोपऱ्यातच पडलेला आहे आणि प्रेसवर आता एकोणीस वर्षांचा नवा मुलगा बसतो. हे वाचून होताच उठून तो आधी बसवून घ्या, नग कमी निघाले तरी चालतील. बाकीचं सगळं सोमवारी केलं तरी चालेल.